कूलर, शाळेची घंटा आणि मारबत: नागपुरात ऑटिस्टिक मुलाला सोयीचं वातावरण कसं द्यायचं

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात नागपुरात माळ्यावरून, गच्चीवरून कूलर खाली उतरतात. वुडवूलच्या नव्या ताट्या लागतात, टाकी भरली जाते आणि त्याच रात्रीपासून काही घरांतलं ऑटिस्टिक मूल झोपेनासं होतं. दिवसा कान दाबून बसतं, अर्ध्या जेवणातून उठतं, स्वतःचा हात चावतं. घरचे लोक कारण शोधतात पोटात, शाळेत, नजर लागण्यात. कारण खिडकीत उभं असतं. पत्र्याची घरघर, ओल्या लाकडी भुशाचा वास आणि अंगावर येणारा दमट झोत, तिन्ही एकाच दिवशी सुरू झालेले असतात.

म्हणून मुलाचं वागणं बिघडलं की पहिला प्रश्न हा: त्याच्या आजूबाजूला काय बदललं? बदल अचानक आणि मोठा असेल तर त्याच्या बरोबरीने बालरोगतज्ज्ञांकडून कान, दात आणि पोट तपासून घ्यावं. जे मूल बोलून दुखणं सांगू शकत नाही, ते वागण्यातून सांगतं. कानदुखी आणि बद्धकोष्ठता ही बऱ्याचदा नजरेआड होणारी दुखणी.

ऑटिझमसाठी सरकारी कागदांवर 'स्वमग्नता' हा शब्द आहे. तो ऐकला की मूल स्वतःत इतकं बुडालेलं आहे की बाहेरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, असं वाटतं. बहुतेक मुलांच्या बाबतीत खरी अडचण उलटी असते. बाहेरचं फार पोचतं, सगळं एकदम पोचतं, आणि त्यातलं काय बाजूला सारायचं हे मेंदूला ठरवता येत नाही. ही मुलं काही बाबतीत अतिसंवेदनशील असतात आणि काही बाबतीत त्यांना जास्त संवेदना हवी असते. मिक्सरचा आवाज असह्य होणारा मुलगाच दिवसभर सोफ्यावरून उड्या मारत असतो. दोन्ही ध्यानात घ्यावं लागतं.

आधी दहा दिवसांची नोंदवही

काहीही विकत घेण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. दहा दिवस, प्रत्येक वेळी मूल बिथरलं की पाच गोष्टी लिहा: किती वाजले होते, कुठे होतो, आधीच्या पंधरा मिनिटांत काय झालं, त्या वेळी आवाज, उजेड, वास आणि गर्दी कशी होती, आणि मूल कशाने शांत झालं. रात्रीची झोप आणि शेवटचं खाणं कधी झालं तेही. 'हट्ट केला', 'ऐकलं नाही' असं लिहू नका. 'जमिनीवर झोपला, कान दाबले, 25 मिनिटं रडला' असं दिसलं तसं लिहा.

दहा दिवसांनी वही उघडली की सूत्र दिसू लागतं. संध्याकाळी सात वाजताचा गोंधळ हा बहुधा सातचा नसतो. शाळेची घंटा, ऑटोतली दाटी, ट्यूशन आणि शेवटी कुकरची शिट्टी असा दिवसभराचा भार साचत आलेला असतो, आणि शिट्टी नुसती शेवटची ठरते. अशा वेळी शिट्टीशी झगडण्यापेक्षा शाळेतून आल्यावरचा पाऊण तास पूर्ण रिकामा ठेवल्याने जास्त फरक पडतो. त्या वेळात प्रश्न नाहीत, अभ्यास नाही, पाहुणे नाहीत.

एका वेळी एकच बदल करा आणि तो किमान आठवडाभर चालू द्या. एकाच रविवारी पडदे, दिवे, खोली आणि वेळापत्रक सगळं बदललं तर नेमका कशाचा उपयोग झाला ते कळत नाही, आणि मुलाला तर ते घरच परकं वाटतं.

कूलर आणि घरातले बाकी आवाज

कूलरचा बराचसा आवाज पंख्याचा नसतो, थरथरीचा असतो. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा, गाडीच्या जुन्या ट्यूबचेही चालतात. पत्र्याच्या जाळ्यांचे स्क्रू आवळा. पंप थेट टाकीच्या तळाला टेकला असेल तर त्याच्याखालीही रबर द्या, आणि पाणी पंपाच्या वर राहील इतकं नेहमी ठेवा, कारण पाणी कमी झालं की पंप हवा ओढतो आणि गुरगुरतो. नवीन ताट्या लावल्यावर मूल घरात नसताना खिडक्या उघड्या ठेवून दोन दिवस कूलर चालवा आणि पहिलं पिवळसर पाणी फेकून द्या, वास बराच उतरतो. झोत पलंगावर येऊ देऊ नका, पट्ट्या वर वळवा.

मुलाची ओळखही पायरीपायरीने करून द्यायची. पहिल्या दिवशी बंद कूलरला हात लावू द्या, दुसऱ्या दिवशी नुसता पंखा मंद वेगावर, तिसऱ्या दिवशी पंपासकट. मूल खोलीत असताना बटण दाबण्यापेक्षा ते येण्याआधीच कूलर सुरू असलेला बरा. अचानक सुरू होणारा आवाज हा सतत चालणाऱ्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो.

पाण्याची ओढ असलेली मुलं कूलरच्या टाकीत हात घालतात, आणि ओल्या पत्र्याला करंट उतरला तर ते जिवावर बेततं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा, पाणी भरताना प्लग काढा आणि कूलरची बाजू मुलाच्या हाताला लागणार नाही अशी करा. इथे काटकसर करू नका.

जूनच्या शेवटी उलटा प्रकार होतो. कूलर काढला की काही मुलांची झोप पुन्हा जाते, कारण तीन महिन्यांत त्या घरघरीची सवय झालेली असते. तेव्हा टेबलपंखा भिंतीकडे तोंड करून रात्रभर चालू ठेवावा आणि त्याचा वेग दर तीन-चार दिवसांनी कमी करत न्यावा.

स्वयंपाकघरात मिक्सरखाली घडी घातलेला जाड टॉवेल ठेवा. मिक्सर किंवा कुकर लावण्याआधी रोज तेच वाक्य त्याच शब्दांत सांगा: 'आता आवाज येईल.' मग तीन आकडे मोजा. शक्य असेल तर मिक्सरचं बटण मुलालाच दाबू द्या. आवाज कधी सुरू होणार हे आपल्या हातात असलं की तोच आवाज बराच सुसह्य होतो. फोडणीचा, सांभार (कोथिंबीर)-लसणाचा वास त्रास देत असेल तर आधी एक्झॉस्ट लावा आणि मग कढई ठेवा.

कानांवर लावायचे आवाजरोधक कानटोप उपयोगी आहेत, पण दिवसभर नाही. सतत लावले तर कानांना शांततेची सवय होते आणि साधे आवाजही बोचायला लागतात. लग्न, मिरवणूक, बाजार अशा ठरलेल्या जागीच वापरा. घरी आवडत्या खेळाच्या वेळी रोज दहा मिनिटं लावून सवय करा. पहिल्यांदा थेट मांडवात डोक्यावर चढवले तर मूल ते फेकून देईल आणि पुन्हा हात लावू देणार नाही.

उजेडाबद्दल एकच गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दिवा सिलिंग पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली भिंतीवर सतत फिरते आणि खोली लुकलुकते. दिवा बाजूच्या भिंतीवर, पंख्याच्या खालच्या पातळीवर घ्या. जुनी चोकची ट्यूबलाइट काढून पिवळसर प्रकाशाचा एलईडी लावा.

शांत कोपरा

चार बाय चार फूट जागा पुरते. दोन खोल्यांच्या घरातही कपाटामागे किंवा जिन्याखाली ती निघते. खाली गादी, दोन बाजूंना भिंत, तिसऱ्या बाजूला सुती चादरीचा पडदा, टेकायला लोड. आत चार-पाचच वस्तू: दाबायचा चेंडू, एक पुस्तक, मुलाला आवडणारं कापड, पाण्याची बाटली. वर्षाचे चार महिने इथे उकाडाच असतो, त्यामुळे हवा आत जायलाच हवी. चारही बाजू बंद केलेला प्लॅस्टिकचा तंबू नको.

बाजारात वजनदार पांघरुणं मिळतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजच्या हालचाली आणि संवेदनांवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारल्याशिवाय घेऊ नका, लहान मुलांना तर नकोच. ज्याला दाब आवडतो त्याला दोन लोडांच्या मधे बसू द्या, किंवा स्वतःहून अंगावरून काढता येईल अशी घरची गोधडी द्या, तोंड कायम उघडं ठेवून.

या कोपऱ्याची वाट लागते ती दोन कारणांनी. एक, मोठी माणसं 'जा तिकडे' म्हणून शिक्षेसारखा वापरतात. एकदा असं झालं की मूल तिथे जात नाही. दुसरं, तिथे मोबाइल येतो. मग कोपरा शांत होण्याचा न राहता मोबाइलचा होतो. चांगल्या मूडमध्ये असताना रोज पाच मिनिटं तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर तिथे बसा, तरच अडचणीच्या वेळी त्याला ती जागा आठवेल.

दिवस डोळ्यांनी दिसायला हवा

तोंडी सूचना हवेत विरतात, चित्र समोर राहतं. दोन फूट लांब, चार इंच रुंद पुठ्ठ्याची पट्टी घ्या. घरातल्याच वस्तूंचे तीन बाय तीन इंचाचे फोटो काढून लॅमिनेट करा: त्याचाच ब्रश, त्याचंच ताट, त्याचीच स्कूलबॅग. मागे वेल्क्रो लावा. सुरुवात तीन कार्डांनी, त्यापेक्षा जास्त नको. काम झालं की कार्ड मुलानेच काढून 'झालं' लिहिलेल्या डब्यात टाकायचं. फोटो कळत नसेल तर खरी वस्तूच टांगा, आंघोळीसाठी मग्गा, बाहेर जाण्यासाठी चप्पल.

पट्टी फसते कारण तिच्यावर फक्त नावडती कामं लावलेली असतात. तीनातलं एक कार्ड त्याच्या आवडीचं हवंच. पट्टीवर नसलेली गोष्ट घडली आणि कुणी कार्ड बदललं नाही, असं दोन-तीनदा झालं की मुलाचा पट्टीवरचा विश्वास उडतो. त्यासाठी एक लाल 'बदल' कार्ड ठेवा आणि त्याची सवय आनंदाच्या बदलाने करा: 'अभ्यास' काढून 'झोका'. मग पुढे कधी लाईन (वीज) गेली किंवा व्हॅन आली नाही तेव्हा तेच कार्ड कामाला येतं. लाईन जाण्याचंही कार्ड करा आणि टॉर्च कायम एकाच खिळ्याला टांगा.

बोलताना वाक्य चार शब्दांचं. 'धावू नको' ऐवजी 'हळू चाल'. सांगितल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, तोवर पुन्हा सांगू नका. दुसऱ्यांदा सांगितलं की मुलाला पहिली सूचना सोडून नवी सूचना समजून घ्यायला सुरुवात करावी लागते. आजी मराठीत, शेजारी हिंदीत, शाळा इंग्रजीत, असं नागपुरातल्या बहुतेक मुलांचं असतं. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही. घरची भाषा सोडू नका. फक्त 'पाणी', 'थांब', 'झालं' हे रोजचे शब्द घरातल्या सगळ्यांनी एकाच भाषेत वापरा. चित्रं दाखवून मागायची सवय लागली तर मूल बोलायचं थांबेल, ही भीतीही अनाठायी आहे.

भर उन्हाळा

काही मुलांना तहान लागल्याचं कळतच नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता दर तासाला पाणी द्या, त्याच बाटलीतून, पट्टीवर कार्ड लावून. मुलाला कोणतंही रोजचं औषध सुरू असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना विचारा, कारण काही औषधांनी घाम कमी येतो आणि ऊन लवकर लागतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट काढायला तयार नसेल तर भांडू नका. तशाच मापाचा पातळ सुती शर्ट आणा, चार वेळा धुऊन मऊ करा, लेबल कापा आणि शिवण बोचत असेल तर उलटा घाला.

उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि विदर्भात सुट्टी जूनच्या अखेरपर्यंत लांबते. दोन्ही वेळा झोपेचं गणित मोडतं. उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं सरकवा. एक तास सरकवायला आठ ते बारा दिवस लागतात, तेवढे आधीपासून धरा.

बाहेर पडताना

बर्डीची (सीताबर्डी बाजाराची) गजबजलेली मेन रोड सुरुवातीला नको. मेट्रो चांगली आहे, कारण तिथे सगळं दर वेळी तसंच घडतं. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, पण पहिल्या फेरीत अदलाबदल करू नका. दुपारच्या कमी गर्दीत दोन स्टेशनं जा, उतरा, परत या. सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट घ्या. मूल मजेत असतानाच घरी परता. 'अजून एक स्टेशन' म्हणून ताणलं की सगळी सहल त्या शेवटच्या दहा मिनिटांवरून लक्षात राहते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. बरीच ऑटिस्टिक मुलं नजर चुकवून बाहेर पडतात आणि त्यातली अनेक पाण्याकडे जातात. अशा मुलांच्या मृत्यूंमागे बुडणं हे मोठं कारण असतं. फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर हे तलाव, घराजवळची विहीर, बांधकामावरचा हौद, सोसायटीची उघडी टाकी, यांतलं तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काय आहे ते आजच पाहून ठेवा. दाराला मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावा आणि दार उघडलं की वाजेल अशी घंटी बसवा. शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवा. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याच्या जागा शोधा, नंतर बाकीच्या. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने 112 ला फोन करावा. मुलांसाठीचा 1098 हाही चालू असतो. पोहायला शिकवणं हे या मुलांसाठी छंद नसून गरज आहे.

शाळेत काय मागायचं

'समजून घ्या' एवढं सांगून शिक्षक काही करू शकत नाहीत. नेमकं मागा. बसायची जागा पुढच्या बाजूला, भिंतीलगत, पंख्याखाली नाही, दारापाशी नाही. प्रार्थनेच्या वेळी लाऊडस्पीकरपासून लांब, रांगेच्या टोकाला, किंवा प्रार्थना संपल्यावर वर्गात येण्याची मुभा. घंटा होण्याआधी एक मिनिट खुणेने सूचना. बाकावर एक कार्ड, जे दाखवलं की न विचारता पाच मिनिटं बाहेर जाता येईल. मूल दिवसभर बाहेरच राहील अशी शंका शिक्षकांना येते. दिवसाला तीन कार्डं द्या, म्हणजे ती मिटते. व्हॅनवाल्या काकांना सांगून जागा ठरवून घ्या, शक्यतो खिडकीची.

हे सगळं एका पानावर लिहून द्या: मुलाला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, त्रास होणार असल्याची खूण काय, तेव्हा काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. एकाच पानावर, कारण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात फाइल वाचायला कुणाला सवड नसते.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि अशा सोयी नाकारणं हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज ऑनलाइन होतो. त्यावर परीक्षेतल्या सवलती अवलंबून असतात, म्हणून नववी-दहावीची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.

बिथरलेल्या मुलाला शिकवता येत नाही, हे शाळेत आणि घरात दोन्हीकडे सांगून ठेवा. त्या वेळी बोलणं बंद, दिवा मंद, बघे लांब, डोकं आपटणार नाही एवढी काळजी. 'काय झालं? का रडतोस?' हे प्रश्नही त्या क्षणी गोंगाटच असतात. शांत झाल्यावरही तासभर थकवा राहतो, तेव्हा लगेच अभ्यासाला बसवू नका. आजी-आजोबा प्रेमाने धावून येतात, मांडीवर घेतात, पाठीवर थोपटतात. त्यांना आधीच सांगा: 'आई, तो स्वतः जवळ आला तरच घ्या.'

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन गोष्टी असतात. दिवसा जुन्या वस्तीतून मारबती आणि बडग्यांची, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची, गोंगाटाची मिरवणूक, संध्याकाळी तान्हा पोळा. एका दिवसात दोन्ही नको. आमचा कल स्पष्टपणे तान्ह्या पोळ्याकडे आहे. मुलं थोडी असतात, हातात लाकडी नंदी असतो आणि काय करायचं ते ठरलेलं असतं. मंडळाच्या ठिकाणी सर्वांच्या आधी अर्धा तास जा. वेशभूषेची सक्ती नको. मूल नंदी ओढण्याऐवजी त्याचं चाकच फिरवत बसलं तर बसू द्या, त्याचा पोळा तसाच असेल.

मारबत दाखवायचीच असेल तर आठवडाभर आधी मोबाइलवर तिचे व्हिडिओ दाखवा: पहिले दोन दिवस आवाज बंद करून, मग हळूहळू आवाज वाढवत, एका वेळी दोन-तीन मिनिटं. प्रत्यक्षात रस्त्यावर उभं राहू नका. इतवारीकडच्या एखाद्या ओळखीच्या घराची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी आणि मागची बंद खोली मिळाली तर उत्तम. दोन मोठी माणसं बरोबर हवीत, एक मुलाला घेऊन केव्हाही निघू शकेल असं. गाडी मिरवणुकीच्या मार्गाबाहेर, तोंड परतीच्या दिशेने करून लावा. रस्ते बंद झाल्यावर अडकलेली गाडी हीच त्या दिवसाची सर्वांत मोठी चूक ठरते. गणपती विसर्जनालाही हेच.

दिवाळीत जेवण आणि आंघोळ संध्याकाळी साडेसहाच्या आत उरका. आतल्या खोलीच्या खिडक्या बंद, फटींना टॉवेल, टेबलपंखा जोरात, शांत कोपरा तिथेच हलवलेला. सोसायटीच्या ग्रुपवर 'फटाके लावू नका' असं लिहिलं की वाद होतो. 'आमच्या विंगसमोर कोणत्या वेळेत लावणार ते आधी कळवा' असं लिहिलं तर लोक सहसा कळवतात, आणि मुलाला वेळ माहीत असणं हेच अर्धं काम असतं. ती वेळ पट्टीवर लावा, कानटोप पाच मिनिटं आधी घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाइकांकडे जायचं ठेवू नका. तो दिवस पट्टीवर दोनच कार्डं: 'नाश्ता' आणि 'घरी'.